खंडेनवमीला धुतलेला टोप

माझा नातू हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवून दिवसभर उन्हात सोडून देतो आणि वर मलाच सांगतो, आजी, त्याला काही होत नाही, ते प्लास्टिकचं आहे. परवा तर त्याने ते अंगणातल्या नळाखाली धरलं. पाण्याची धार आत पडताना मी पाहिली आणि हातातलं सूप तसंच टाकून ओरडले. आवाज असा निघाला की शेजारची बाई कुंपणाशी येऊन काय झालं म्हणून विचारायला लागली. नातू हसत होता. त्याचं बरोबरच आहे म्हणा, प्लास्टिकच ते, पुसलं की झालं. पण मला चीड आली ती आलीच, आणि ती त्या पोरावरची नव्हती. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. कुणाचा निवतो देव जाणे. माझा चुलीतल्या विस्तवासारखा आहे, वरची राख जरा फुंकली की खाली लाल. आता हात चालतात तोवर हे एकदा लिहून टाकते. आमच्या घरात ही गोष्ट वेगळ्या तऱ्हेने सांगितली गेली, अजूनही सांगतात, आणि त्या गोष्टीत खलनायक मी आहे.

आमचं गाव आग्रा रोडला लागून, सोनगीरच्या अलीकडे. घर धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं. धाब्यावर चढलं की एका अंगाला किल्ला आणि दुसऱ्या अंगाला रस्ता दिसायचा. रस्त्यावरून रात्रंदिवस कापसाच्या गाड्या जात, त्यांच्या घुंगरांचा आवाज इतका अंगवळणी पडला होता की एखाद्या दिवशी तो थांबला तरच आम्ही मान वर करायचो. मधूनच एखादी मोटार जाई आणि मग धूळ जेवणाच्या ताटापर्यंत येई. वडील मी लहान असतानाच गेले होते. घर चालवायचे ते माझे थोरले काका, आबा. आबा वाईट होते असं मी म्हणणार नाही, म्हणायची फार इच्छा आहे तरी. बैल आजारी पडला तर ते गोठ्यात त्याच्याशेजारी गोणपाट टाकून झोपत. माझ्या आईला, मायला, त्यांनी कधी धान्याला कमी पडू दिलं नाही. पण घरात शब्द त्यांचा. माय त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ओढून भिंतीशी बोलल्यासारखी बोलायची, आणि माझं बोलणं तर त्यांच्या लेखी माशीचं घोंघावणं. हाताने वारायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं.

माझा भाऊ नामदेव माझ्याहून बराच मोठा. मी त्याला नुसतं भाऊ म्हणत असे. तो फौजेत गेला होता, लढाईवर, आणि तिथे त्याला मोटारसायकलवरून डाक पोचवायचं काम होतं. परत आला तेव्हा ट्रंकेत दोन कांबळी, एक ॲल्युमिनियमचा मग आणि डोक्यात घालायचा तो टोप एवढंच होतं. धुळ्याच्या एका जिनिंगवाल्या शेटने त्याला लगेच ठेवून घेतलं. शेटची मोटारसायकल होती, कापसाचे नमुने आणि भाव घेऊन ती पारोळ्याला, जळगावला पळवायची हे भाऊचं काम. गावातली पोरं फटफट ऐकली की रस्त्याला धावत. त्यांना मोटारसायकलचं कौतुक, पण भाऊचा जीव टोपावर. तो सांगायचा, फौजेत दोनदा मी पडलो आणि दोन्ही वेळा उठून चालायला लागलो ते ह्याच्यामुळे. बसल्या जागी तो टोपावर बोटाने टकटक करायचा, देवाला हात जोडावेत तसं त्याचं ते चाले.

दिसायला टोप लोखंडाचा. हिरवट काळा रंग, कडेला जाड शिवण, कानांवर आणि मानेवर चामड्याच्या पट्ट्या. चामडं म्हणून मोठी माणसं हात लावायला कचरत, आणि म्हणून त्याची निगा माझ्याकडे आली. पहिल्याच दिवशी मी आपली भांड्यासारखा घासायला राख आणि काथ्या घेऊन बसले, तर भाऊने माझा हात धरला.

‘हाऊ लोखंडना नही शे, इंदू,’ तो म्हणाला. ‘कागदना शे.’

मला वाटलं चेष्टा करतोय. मग त्याने नीट समजावलं. कागदाचा लगदा, त्यात कापडाचे थर, त्यात सरस, असं दाबून दाबून दगडासारखं केलेलं. कोरडा आहे तोवर दगड. पाणी मुरलं की गेला. ते मला एका क्षणात कळलं, कारण उन्हाळाभर आम्ही पापड आणि कुरडया करायचो आणि अवकाळी पावसाची एक सर ताठ वाळलेल्या कुरडईचं काय करते ते मी पाहिलं होतं. मग भाऊने शिकवलं ते असं. जळगावहून आला की टोपावर काळ्या मातीची धूळ बसलेली असायची, ती आधी कोरड्या फडक्याने झाडायची. मग रिठ्याचा फेस, नुसता फेस, पाणी नाही, तो फडक्याला लावून आतली घामाची पट्टी पुसायची. सावलीत वाळवायचा, उन्हात कधीच नाही, उन्हाने सरस तडकतो. चामड्याला एरंडेल, गोडं तेल लावायचं नाही कारण त्याला मुंग्या आणि उंदीर येतात. ठेवताना आत सरकीसकटचा कापूस भरून ठेवायचा म्हणजे आकार बसत नाही. आणि शेवटी बोटाच्या पेराने वाजवून पाहायचा. बाजारात मडकं घेताना वाजवतो तसाच. टण्ण वाजला तर चांगला, ठप्प वाजला तर घालायचा नाही. हे काम मला फार आवडायचं. घरातलं बाकीचं सगळं काम मला सांगितलेलं असायचं, हे एकच शिकवलेलं होतं. संध्याकाळी पडवीत बसून टोप मांडीवर घेतला की भाऊ समोर कळण्याची भाकरी आणि ठेचा खात दिवसभरातल्या गोष्टी सांगायचा. कोणत्या नाल्याला पाणी आलं, पारोळ्याच्या बाजारात कोण कुणाशी भांडलं. मी शेवटी टोप वाजवायची, आणि तो न बघता म्हणायचा, चांगला शे.

तर ती खंडेनवमी. घरात घट बसलेले, आणि मी नेमकी बाजूला बसलेली. आताच्या पोरींना हे सांगितलं तर त्या हसतात, हसू देत. मागच्या पडवीच्या टोकाला एक कोपरा, तिथे माझं घोंगडं, माझा पितळी तांब्या, माझं ताट. कुणाला शिवायचं नाही, कशाला शिवायचं नाही. नवरात्रात तर माझी सावलीही घटाच्या बाजूला पडू नये असं काकू बघायच्या. चुलीवर खापर चढलं होतं, मांडे होत होते. पुरणाचा वास पडवीभर येत होता आणि माझ्या ताटात मांडा वरूनच पडत होता. भाऊ सकाळीच मोटारसायकल घेऊन धुळ्याला गेला होता. शेटच्या घरी तिची पूजा व्हायची होती. पूजेच्या दिवशी हार घातलेली गाडी सावकाश चालवायची म्हणून तो नुसती गांधी टोपी घालून गेला आणि टोप घरी राहिला.

आबांनी अंगणात हत्यारं काढायला सुरुवात केली. नांगराचा फाळ, वखराची पास, कुऱ्हाड, विळे, वडिलांची जुनी तलवार. एकेक वस्तू दगडी डोणीतल्या पाण्यात बुडवायची, राखेने घासायची, पुन्हा बुडवायची. वर्षभर ज्याने राबवून घेतलं त्याला वर्षातून एकदा मानाने न्हाऊ घालायचं, अशी ती रीत. आबा हे काम गड्याला कधी देत नसत. स्वतः मांडी घालून बसत आणि फाळावरून असा हात फिरवत की बघत राहावं. आणि मग ते आत गेले आणि भाऊचा टोप घेऊन आले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर माझ्या डोक्यात जातं. पुतण्या फौजेतून आला, हे त्याचं हत्यार, ते पूजेत हवं, एवढाच त्यांचा विचार. आधी चामड्याला न शिवणारा माणूस, पण खंडेनवमीला हत्याराचं चामडंही पवित्र. त्यांनी आतला कापूस काढून फेकला आणि टोप डोणीवर धरला.

मी कोपऱ्यातून म्हटलं, आबा, पानीमा टाकू नका, तो कागदना शे, भाऊनी सांगेल शे. आबा हसले. काकू हसल्या. आबा म्हणाले, कागदना टोप घालीसन कोनी लढाई करस का? आणि म्हणाले, हत्यार धुवाबिगर पूजा नही. मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने सांगितलं. त्यांनी हाताने माशी वारली आणि टोप पाण्यात दाबला. तो आधी तरंगला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी तो तळाशी दाबून धरला.

मी उठले. घोंगडं ओलांडलं, पडवी ओलांडली, अंगणात गेले आणि डोणीत दोन्ही हात घालून टोप बाहेर ओढला. माझ्या आयुष्यात मी केलेल्या शहाण्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यातली ही पहिली. अंगणात एकच कल्लोळ झाला. काकूंनी कपाळ बडवून घेतलं. माय स्वयंपाकघराच्या दारात पिठाचे हात घेऊन उभी, पांढरीफटक. आबांनी माझ्या अंगाला हात लावला नाही, लावता येत नव्हता ना, काठीने मला टोप खाली ठेवायला लावला.

‘बठ्ठं बाटाडी टाकं तू,’ ते म्हणाले.

मग काय व्हायचं ते झालं. माझा विटाळ झाला म्हणून सगळी हत्यारं पुन्हा धुणं आलं. बाकीची पुन्हा एकदा बुडवून काढली, पण ज्याला मी प्रत्यक्ष हात लावला तो टोप गोमूत्र घातलेल्या पाण्यात दगड ठेवून बुडवून ठेवला, मांडे आटपेपर्यंत. मी कोपऱ्यातून बघत होते. पाण्यातून बारीक बुडबुडे येत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मग तो राखेने घासला, धाब्यावर आश्विनातल्या कडक उन्हात पालथा घातला, आणि उतरवल्यावर रंगाचे पोपडे निघालेले दिसले म्हणून आबांनी पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला लाल रंग काढून त्याला वरून छान दोन हात दिले. हळदकुंकू, झेंडूचं फूल. तलवारीच्या शेजारी तो नवरदेवासारखा बसला होता. वरून चकाचक, आतून मेलेला.

भाऊ संध्याकाळी आला. मी त्याला लांबूनच सगळं सांगितलं. त्याने टोप उचलला, पेराने वाजवला. ठप्प. कोपऱ्यातसुद्धा मला ऐकू आलं. अंगठ्याने दाबलं तर कड जरा आत गेली. तो आबांकडे गेला, काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण आबांचं ऐकू आलं. उद्या दसरा, सीमोल्लंघन, पूजलेलं हत्यार घरी ठेवून शीव ओलांडणार का, असं ते विचारत होते, आणि मी हाताने रंगवलाय तो, असंही म्हणाले. भाऊ परत पडवीत आला तेव्हा मी त्याला सांगितलं, घालू नको. तो म्हणाला, दोन दिनमा वाळी जाई, आबानं मन कसाले मोडू? लढाईतून आलेला माणूस. अधिकाऱ्यांच्या तोंडावर ‘हा रस्ता चुकीचा आहे’ असं सांगितल्याच्या गोष्टी मला ऐकवणारा माणूस. आबांसमोर मात्र त्याची मान खाली. त्याच्यावरही मी चिडले होते, आणि आजही आहे. खोटं कशाला सांगू.

दसऱ्याला तो आपट्याची पानं खिशात घालून, तो लाल टोप घालून धुळ्याकडे निघाला. वेशीपर्यंत आबा सोबत गेले, कौतुकाने. डोक्याला काही नसतं तर भाऊ हळू गेला असता, आदल्या दिवशी गेला होता तसा. पण टोप घातला की त्याचा हात आपोआप सैल सुटायचा, वर्षांची सवय. नगावच्या पुढे एक बैलगाडी अचानक आडवी वळली. मोटारसायकल घसरली आणि भाऊचं डोकं मैलाच्या दगडावर गेलं. दगडासारखा तो टोप भिजक्या कुरडईसारखा फाकला.

दवाखान्यात माय गेली, आबा गेले. मी गेले नाही, मी अजून कोपऱ्यात होते. पुढचं मला मायने सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर कधीच कळलं नसतं. डॉक्टरांनी फुटलेला टोप हातात घेतला, कडेचा एक तुकडा बोटांनी चुरला, आणि विचारलं, ‘हा पाण्यात कुणी घातला होता?’ माय म्हणाली, आबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं की कोरडा असता तर माणूस चार टाके घालून घरी गेला असता. हे आबांनी ऐकलं. कानांनी ऐकलं. आणि घरी येऊन अंगणात उभं राहून, जमलेल्या लोकांसमोर ते म्हणाले की नवमीला पोरीने पूजेच्या हत्याराला विटाळात हात लावला, त्याचं हे फळ. करून सवरून नामानिराळे! गावाला हे लगेच पटलं. सरस आणि लगदा कुणाला कळणार, विटाळ सगळ्यांना कळतो. बायका विहिरीवर मला बघून आपले हंडे बाजूला घ्यायला लागल्या, मी न्हाऊन शुद्ध झाले होते तरी. काकू माझ्या हातचं पाणी घेईनात. कुणी म्हणालं, हिला लवकर उजवून टाका, घरात नको. मायला सगळं माहीत होतं. ती मला पदराआड घेऊन रडायची, पण आबांसमोर एक अक्षर काढायची नाही. मी तिला विचारायची, माय, तू ऐकलंस ना डॉक्टरांचं? ती मान हलवायची. मग सांग ना. ती चुलीत काटकी सारायची.

मी आबांना स्वतः जाऊन विचारलं, एकदा. गोठ्यात. म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले? ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि मग म्हणाले, जाय, कामले लाग. खरं तर त्यांचा हात एकाच जागी फिरत होता. मला तेव्हा त्याची दया आली नाही. आताही येत नाही. त्याच हाताने एकदा तरी बोट स्वतःकडे वळवायचं होतं.

फुटलेला टोप आबांनी उकिरड्यावर टाकला. मी त्यातून हनुवटीची पट्टी तेवढी सोडवून घेतली. ती अजून माझ्या पेटीत आहे. दर दिवाळीच्या आधी एरंडेल लावते, अजून मऊ आहे, बोटाला गुंडाळली तर गुंडाळते. घरच्यांना वाटतं म्हातारीला खूळ.

भाऊ दिवाळीत घरी आला. चालत होता, पण शब्द त्याच्यापासून पळाले होते. तांब्या हवा असला की तो काठी म्हणायचा, आणि आपण चुकलो हे त्याला कळायचं, म्हणून मग तो गप्पच बसायचा. डोक्यावर टाके, टोपी टेकवली तरी कळ यायची. शेटने दुसरा माणूस ठेवला होता. अडगावची मुलगी बघून ठेवली होती, त्यांनी निरोप पाठवला की यंदा नको. भाऊबीज आली. आबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा इंदूने नामाला ओवाळायचं नाही, अपशकुन नको, चुलतबहीण ओवाळेल. आणि माझं नशीब बघा, आदल्या दिवशी मी पुन्हा बाजूला बसले. म्हणजे आबांना कारणही आयतं मिळालं.

सगळे पुढच्या खोलीत. पाट मांडलेला, रांगोळी, निरांजन. मी माझ्या कोपऱ्यात घोंगड्यावर, भिंतीकडे तोंड करून. पुढून काकूंचा आवाज येत होता, नामा कोठे गया, नामा कोठे गया. आणि मग मला मागे पावलं ऐकू आली, मी वळले. एक पाय जरासा ओढत. भाऊ पडवी ओलांडून आला, घोंगड्याच्या कडेशी थांबला नाही, घोंगड्यावर माझ्यासमोर मांडी घालून बसला. मी मागे सरकले. तो आणखी पुढे सरकला. त्याने माझा तांब्या उचलला, माझा, त्या कोपऱ्यातला, आणि तोंडाला लावून घटाघटा पाणी प्यायला. मग डोक्याकडे हात नेला, उघडं होतं म्हणून. ओवाळताना डोकं उघडं चालत नाही, आणि टोपी त्याला सहन होत नव्हती. त्याने माझ्या लुगड्याचा पदर धरला आणि स्वतःच्या टाक्यांवर अलगद ओढून घेतला. जुना, धुऊन धुऊन मऊ झालेला पदर. आम्ही दोघं एका कापडाखाली बसलो होतो.

तोवर सगळे पडवीच्या दारात जमले होते. पुढे आबा. त्यांचा आवाज आला, पण अंगणातला तो आवाज नव्हता.

‘तठून ऊठ, नामा. आंग धवनं पडी.’

भाऊने वर पाहिलं. मला त्याच्या गळ्यात शब्द चाचपडताना दिसत होते. मला वाटलं आता भलताच काहीतरी शब्द येणार आणि काकू तोंडावर पदर धरून हसणार.

‘आबा,’ तो म्हणाला, ‘आते धवाले काय बाकी शे?’

रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या, घुंगरं वाजत होती. मग माय दारातल्या सगळ्यांना बाजूला सारून आली. ओवाळणीचं ताट तिच्या हातात होतं, निरांजन पेटलेलं. आयुष्यात पहिल्यांदा ती आबांच्या अंगावरून, त्यांना जवळजवळ धक्का देऊन पुढे गेली, आणि ते ताट तिने माझ्या हातात दिलं. जमिनीवर ठेवलं नाही, हातात दिलं. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. आबा दारात उभे होते, त्यांना सगळं दिसत होतं. मी भाऊला ओवाळलं, आणि ओवाळून झाल्यावर पदराखालून, टाके चुकवून, त्याच्या कपाळावर पेराने हळूच वाजवलं.

‘चांगला शे,’ मी म्हटलं.